श्वानाचे नाक आणि त्याची जीभ

कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला, तर तो प्रथम हुंगतो आणि मग जवळजवळ न चावताच गिळतो. त्याला चव कळतच नसावी, असे पाहणाऱ्यास वाटते. ते खरे नाही. पण मनुष्याच्या मुखात सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, तर श्वानाच्या मुखात केवळ १,७०० च्या आसपास. ही उणीव नाक भरून काढते.

श्वानाने हुंगलेल्या हवेचा सुमारे आठवा हिस्सा नाकाच्या मागील भागातील वळ्यावळ्यांच्या अस्थिपटलांकडे वळतो. गंधग्राही कोशिका तेथेच दाटलेल्या असतात. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून निघून जातो, त्यामुळे पुढचा वास विसकटत नाही. अन्न तोंडात जाण्यापूर्वीच त्याविषयीचा निर्णय बहुधा झालेला असतो. ऊन अन्नाचा वास अधिक सुटतो. आजारी कुत्रा थंड अन्न नाकारून तेच कोमट केल्यावर खातो, ते यामुळेच.

मांजरास गोडी कळत नाही. गोडी ओळखणारा तिचा एक जनुक निकामी झालेला आहे. श्वानास मात्र गोडी कळते आणि आवडतेही. धोका नेमका येथे आहे. चॉकलेटातील थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल तर त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरवते. याविषयी ना नाक त्यास सावध करते, ना जीभ. मुलांनी लाडाने असा तुकडा भरवलाच, तर लक्षणांची वाट न पाहता कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावे.