फर्ग्युसन ओळखायचा कसा?

फर्ग्युसन म्हटलं की पुण्याच्या मित्रांना कॉलेज आठवतं आणि कॉलेजसमोरचा रस्ता. आमच्या आजोळी फर्ग्युसन गोठ्यामागच्या छपरात असतो. राखाडी, बुटका आणि गेली पंचवीस वर्षं जागचा न हललेला. दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेज मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाचं, त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एस दोन. ट्रॅक्टर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचा, त्याच्यात एस एकच. आमच्या वर्गातल्या एका महाभागाने हे खरोखर विचारलं होतं, म्हणून सुरुवात इथून.

मागच्या उन्हाळ्यात सहाव्या सेमिस्टरचे पेपर टाकून (हो, टाकूनच) मी शिरोळ तालुक्यात मामाकडे गेलो. मामाने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "दिवाळीच्या आत छप्पर मोकळं पायजे. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी हा ट्रॅक्टर १९६४ साली सेकंडहँड घेतलेला. त्याचं हँडल अजून त्यांच्या कॉटखाली असतं. रात्री जेवताना मी बोलून गेलो, "मामा, मी चालू करून दाखवतो." मेकॅनिकलला असल्याचा माज, दुसरं काय! आजोबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात पैसे ठेवले, पार्टसाठी. त्यांच्या पेन्शनीतले नव्हेत, कारण त्यांना पेन्शन नाही. दुधाचे होते.

आता ट्रॅक्टरविषयी. याचं घराण्याचं नाव टीई-२०. टी म्हणजे ट्रॅक्टर, ई म्हणजे इंग्लंड आणि २० म्हणजे ढोबळमानाने अश्वशक्ती. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्री शहरातल्या बॅनर लेन इथल्या कारखान्यात असे ५,१७,६५१ ट्रॅक्टर तयार झाले. कारखाना चालवायची स्टँडर्ड मोटर कंपनी. युद्धात तिथे विमानांची इंजिनं बनत, युद्ध संपल्यावर जागा रिकामी झाली आणि फर्ग्युसनला कारखाना मिळाला. वजन साधारण अकराशे किलो, पुढचे गिअर चार, मागचा एक. एवढाच जीव, पण आज जगभरच्या ट्रॅक्टरमागे दिसणारी तीन सांध्यांची हायड्रॉलिक लिफ्ट प्रसिद्धीला आली ती फर्ग्युसनमुळे. नांगर खोल रुतला की वरच्या दांड्यावरचा दाब वाढतो, तो दाब हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला कळतो आणि नांगर आपोआप किंचित उचलला जातो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण फीडबॅकचे चौकोन काढतो ना, तोच फीडबॅक, फक्त लोखंडात. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच टीई-२० वर, चाकांना पट्टे बसवून. एव्हरेस्टवाले हिलरी, तेच.

पण "टीई-२०" म्हणजे काही एक ट्रॅक्टर नव्हे. बाहेरून सगळे सारखेच राखाडी, आणि आत कुणी पेट्रोल पितो, कुणी रॉकेल, कुणी डिझेल. पार्ट मागवायचा तर नेमका कोणता हे कळलंच पाहिजे. मी ते कसं ओळखलं आणि कुठे तोंडावर आपटलो, हा या लेखाचा विषय.

पहिली पायरी सोपी. समोर आहे तो फर्ग्युसनच आहे का? आपल्याकडे जुन्या कुठल्याही मॅसीला लोक सरसकट फर्ग्युसन म्हणतात. लाल बॉनेट असेल तर तो बहुतेक पुढच्या पिढीतला. १९५६ ला टीई-२० बंद होऊन एफई-३५ आला, राखाडी पत्रा आणि सोनेरी-तांबूस इंजिन. पुढे तोच लाल रंगात मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. चेन्नईच्या टाफे कंपनीचा १०३५ हा त्याच वंशातला, आणि तो तुम्ही नक्की पाहिलेला असणार. अर्थात रंगावर विसंबू नका. आपल्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तसे ट्रॅक्टरही रंगवतात. आमच्याच्या राखाडीखाली एका जागी निळा थर निघाला, तो का ते आजोबांनाही आठवत नाही.

दुसरा फसवणारा भाऊ म्हणजे अमेरिकन फोर्ड. फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८ साली नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, कागद नाही. त्यातून १९३९ चा फोर्ड ९एन निघाला, युद्धकाळात २एन. म्हाताऱ्या फोर्डनंतर नातवाने करार मोडला, १९४७ ला स्वतःचा ८एन काढला, फर्ग्युसनने कोर्टात खेचलं आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. (कागद करत जा, मित्रांनो. रूम पार्टनरशीसुद्धा.) त्यामुळे हे सगळे लांबून एका आईची लेकरं वाटतात. फरक इंजिनात. फोर्डचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे वरचं हेड नुसतं सपाट झाकण. फर्ग्युसनचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, त्यावर रॉकर कव्हर. शिवाय ९एन आणि २एन ला पुढचे गिअर तीनच.

एवढं झालं की डॅशवरची पाटी वाचायची. टीओ असेल तर तो डेट्रॉइटमध्ये बनलेला, ओ म्हणजे ओव्हरसीज. टीई असेल तर पुढचं अक्षर महत्त्वाचं. अक्षरच नसेल, नुसतं टीई, तर इंजिन अमेरिकेहून आणलेलं कॉन्टिनेंटल झेड-१२०. सुरुवातीला स्टँडर्डचं स्वतःचं इंजिन तयार नव्हतं म्हणून ही उसनवारी, १९४८ पर्यंत चालली. ए म्हणजे स्टँडर्डचं पेट्रोल इंजिन. डी म्हणजे टीव्हीओ, ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल. रॉकेलाचाच चुलतभाऊ, पेट्रोलपेक्षा स्वस्त. एच म्हणजे लॅम्प ऑइल, आपलं दिव्याचं रॉकेल. एफ म्हणजे डिझेल, १९५१ पासून. ही मुख्य चार. बाकीची अक्षरं म्हणजे याच इंजिनांवर वेगळी अंगकाठी. बी, सी, ई आणि जे हे अरुंद. साध्या मॉडेलच्या दोन चाकांतलं कमीत कमी अंतर ४८ इंच, यांचं ४२. के, एल, एम हे द्राक्षमळ्यांसाठी, आणखी बारके. तासगावकडच्या मित्रांनी लक्ष द्यावं, तुमच्या बागेतल्या मिनी ट्रॅक्टरची कल्पना सत्तर वर्षांपूर्वीची आहे! पी, आर, एस, टी हे कारखान्यात आणि रस्त्यावर चालवायचे, दिवे-भोंग्यासकट.

अक्षरापुढे आकडा असतो. तो सगळ्या अक्षरांना मिळून एकाच ओळीत चालतो, त्यामुळे त्यावरून साल निघतं. १९५० अखेर हा आकडा साधारण १ लाख ६८ हजारांवर होता, १९५१ अखेर २ लाख ४१ हजारांवर.

आमच्या पाटीवरचं तेल-माती रॉकेलाने पुसली तर टीई-ए, आणि आकडा १ लाख १० हजारांच्या आसपास. म्हणजे टीईए-२०, पेट्रोल, साल १९४९. आता इथे एक मेख आहे. स्टँडर्डच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर आधी ८० मिलिमीटर होता, १९५१ च्या सुरुवातीला तो ८५ झाला. स्ट्रोक दोन्हीला ९२. हिशोब करून बघा, चार सिलिंडरचे १८५० आणि २०८८ सीसी येतात. (हेच २०८८ चं इंजिन स्टँडर्डच्या व्हॅनगार्ड मोटारीतही होतं.) आमचा १९४९ चा, म्हणजे ८०. इतकं सरळ. इंजिन जाम होतं, पिस्टन आणि रिंगा लागणार हे उघड होतं, पार्सल इंग्लंडहून यायला महिना लागतो आणि सुट्टी दीड महिन्याची. मी हेड उघडायच्या आधीच ८० चा सेट मागवला. पोस्टेज आणि कस्टम्स धरून सव्वीस हजार.

त्याच संध्याकाळी आजोबा छपरात येऊन बसले. म्हणाले, "ह्यो पेट्रोलवर चालू करायचा, तापला की रॉकेलवर सोडायचा. बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर घ्यायचा, न्हायतर सकाळी हँडल मारून दंड भरून येत्यात."

मी त्यांना समजावलं. "आजोबा, तुम्ही दुसऱ्या कुठल्या ट्रॅक्टरचं सांगताय. हा ए आहे, पेट्रोलचा. पाटीवर लिहिलंय."

ते म्हणाले, "आसंल बाबा." आणि उठून गेले.

आता मी जे बघायला हवं होतं आणि बघितलं नाही ते सांगतो. फर्ग्युसनचं बॉनेट पुढच्या बाजूला कलतं आणि डिझेल-पेट्रोलची टाकी जागेवर उघडी पडते. पेट्रोलवाल्याला टाकीचं झाकण एक. टीव्हीओवाल्याला दोन, कारण मोठ्या टाकीबरोबर पेट्रोलचा छोटा वेगळा कप्पा असतो. आमच्याला दोन झाकणं होती. मी ती रोज बघत होतो! एकात उंदराने घरटं केलं होतं, ते मी स्वतः काढलं. दुसरी खूण मॅनिफोल्डवर. रॉकेल थंड असताना नीट वाफ होत नाही, म्हणून एक्झॉस्टची उष्णता धरून ठेवायला तिथे पत्र्याचं आवरण असतं. आमच्याला आवरणाचे बोल्ट होते, पत्रा गेलेला. मला वाटलं, सायलेन्सरचं काहीतरी तुटलं असेल. डिझेलवाला तर आंधळ्यालाही कळावा, स्पार्क प्लग नाहीत आणि त्या जागी पंप आणि इंजेक्टरच्या नळ्या.

पार्सल आलं त्या दिवशी आम्ही हेड काढलं. मी, गावातला एक फिटर (ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात) आणि मामा, तोही आता बघायला येऊ लागला होता. मिस्त्रींनी लायनर पुसले, बोट फिरवलं, "होन करून चालतील" म्हणाले. मी पेटीतून पिस्टन काढून वरून सोडला. तो लायनरमध्ये खुळखुळ्यासारखा हलला. व्हर्नियर लावला. ८५ आणि वर झीज. चारही सिलिंडरला तेच. मामा माझ्याकडे न बघता बिडी शिलगावून बाहेर गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर घासून काढला. पाटीवरच्या नंबराशी त्याचा हिशोब जुळत नव्हता, इंजिन काही वर्षं नंतरचं होतं. म्हणजे कधीतरी, बहुधा आजोबांनी घ्यायच्या आधीच, कुणीतरी पेट्रोलच्या सांगाड्यात टीव्हीओचं इंजिन टाकीसकट चढवलेलं. फर्ग्युसनमध्ये हे फार अवघड नाही. याला वेगळी चेसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेले, तोच कणा. मधोमध दुभागला की अर्धा ट्रॅक्टर बदलता येतो. पाटी मात्र डॅशवर, ती मागच्या भागाबरोबर राहते आणि जुनंच सांगत बसते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत किती फर्ग्युसन असे कडबोळं झाले असतील कुणास ठाऊक. पाटी फक्त कारखान्यातून काय निघालं ते सांगते. म्हणून आता कुणी विचारलं तर माझा क्रम उलटा आहे. आधी वापरणाऱ्या माणसाला विचारा, मग टाकीची झाकणं आणि मॅनिफोल्ड, मग ब्लॉकवरचा नंबर, मग हेड काढून व्हर्नियर. पाटी सगळ्यात शेवटी, आणि पैसे त्याच्याही नंतर.

दुसरा सेट ८५ चा, रॉकेलच्या इंजिनाचा, म्हणजे कमी कॉम्प्रेशनचा. त्याचे पैसे मामाने दिले. मी त्याच्याकडे मागितले नव्हते. गणपतीच्या सुट्टीत सगळं जोडलं, कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी लावली आणि मी स्टार्टरचं बटण शोधायला लागलो. डॅशवर नाही, खाली नाही, पायाशी नाही. अर्धा तास गेला. आजोबा खुर्ची टाकून बसले होते. या वेळी मी शहाणा झालो होतो, विचारलं.

"गिअरच्या दांड्याला यस लिहिलंय का? तिकडं ढकल."

फर्ग्युसनला वेगळं बटण नाहीच. गिअरचा दांडा एस या खाचेत नेला की स्टार्टर फिरतो, म्हणजे गिअरमध्ये असताना चुकूनही चालू होणार नाही. केवढी साधी युक्ती! चौथ्या झटक्याला पकडला. पांढरा धूर, मग काळा, मग नुसता आवाज. आजोबांनी तो तापेपर्यंत बसून ऐकला आणि मग स्वतः उठून कॉक फिरवून रॉकेलवर सोडला. दोन वेळा फटफटला, पण बंद पडला नाही.

मामाने अजून भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलेलं नाही, फक्त दिवाळी झाल्यावर छपराला नवे पत्रे घातलेत.

ता.क. हॉस्टेलच्या माझ्या कपाटात ८० मिलिमीटरचा पिस्टन-रिंगांचा सेट आहे, पेटीसकट, न वापरलेला. १९५१ च्या आधीचा खराखुरा टीईए-२० कुणाच्या गावी असेल तर भेटा. पण आधी हेड उघडून मोजून या.