ग्राफिक्स कार्ड आत्ताच हवं का?

प्रश्न : मुलाला गेमसाठी संगणक हवाय, पण बजेट कमी आहे. ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल का?

उत्तर : आत्ता नको. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट, जीटीए ५ कमी सेटिंगवर व्यवस्थित चालतात. मात्र हे ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरतं. म्हणून १६ जीबीची एक स्टिक न घेता ८ जीबीच्या दोन घ्या. डेटाला दोन वाटा मिळतात आणि गेमचा वेग लक्षणीय वाढतो. दुकानदाराने एकच सुचवली तरी ठाम राहा. ‘त्यापेक्षा लॅपटॉप बरा,’ असं कुणी म्हणेल. रोज सोबत न्यायचा असेल तर ते खरंच. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड नंतर बसवता येत नाही, डेस्कटॉपमध्ये येतं. ते बसवाल त्या दिवसासाठी ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आजच घ्या. तिथे काटकसर करू नका.