म्हणणे कोणाचे?

‘गोविंदा हरीला म्हणाला, की तो आजारी आहे.’ या वाक्यात आजारी कोण, गोविंदा की हरी? ‘तो’ हे सर्वनाम दोघांनाही लागू पडते. म्हणून अर्थ संदिग्ध राहतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना असा घोटाळा होऊ नये, यासाठी उत्तर अमेरिकेतील मिशिफ भाषेने केलेली योजना मोठी मनोवेधक आहे.

मिशिफ ही मेती लोकांची भाषा होय. प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी फ्रेंच लोक कॅनडाच्या मैदानी प्रदेशात गेले व तेथील क्री, ओजिब्वे इत्यादी जमातींच्या स्त्रियांशी त्यांनी विवाह केले. त्यांचे वंशज ते मेती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडलेल्या त्यांच्या भाषेत नामे बहुधा फ्रेंच, तर क्रियापदे क्री आहेत.

‘म्हणणे’ या अर्थाचे क्रियापदही क्रीमधूनच आले. ‘इत्वेव’ या एका शब्दाचा अर्थ ‘तो असे म्हणतो’ किंवा ‘ती असे म्हणते’. मराठीत ‘असे’ हा शब्द निराळा योजावा लागतो. मिशिफमध्ये तो क्रियापदाच्या पोटातच असतो. गोष्ट सांगताना बोलणाऱ्याचे शब्द बहुधा जसेच्या तसे ठेवून त्यांना ‘इत्वेव’ जोडतात. मूळचा ‘मी’ हा ‘मी’च राहिल्यामुळे घोटाळा टळतो.

दुसरी सोय याहून सूक्ष्म आहे. वाक्यात दोन त्रयस्थ व्यक्ती आल्या, तर प्रमुख व्यक्तीसाठी क्रियापदाचे एक रूप आणि दुसरीसाठी वेगळे रूप वापरतात. त्यामुळे ‘तो’ म्हणजे नेमका कोणता, हे रूपावरूनच उमगते.

इंग्रजी शाळांत या भाषेला थारा मिळाला नाही. आज ती बोलणारे थोडेच उरले असून त्यांत वृद्धांचा भरणा अधिक आहे. अमेरिकेतील टर्टल माउंटन येथील पॅटलिन लॅव्हर्ड्यूर आणि आयडा रोझ अलार्ड या दोघींनी रचलेला मिशिफ शब्दकोश १९८३ साली प्रसिद्ध झाला. शब्द कोशात टिकतात. परंतु आजीचे बोलणे ‘इत्वेव’ म्हणून पुढे सांगणारा नातू असेल, तरच भाषा जिवंत राहते.

स्वाध्याय
१. पहिल्या वाक्यातील संदिग्धता दूर होईल, अशी दोन वाक्ये लिहा.
२. ‘इत्वेव’ या शब्दाचे वैशिष्ट्य सांगा.