गाणारेही थकतात
(वाचन : १ राजे १९:१-१८; १ इतिहास २५)

काही वर्षांपूर्वी नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आटोपली. लोकांनी आमच्या गायकवृंदाचे कौतुक केले. पेटी झाकता झाकता आमच्या मार्गदर्शिका बाई हळूच म्हणाल्या, "आज माझ्याकडून प्रार्थना झालीच नाही." आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्यापैकी कुणाचीच झाली नव्हती. दोन महिने सराव, आठ नवी गाणी, झेरॉक्सच्या चवडी, माईकची कटकट! जानेवारीत सरावाला आम्ही चौघेच उरलो. भांडण कुणाचेच नव्हते. माणसे आतून विझली होती.

एलिया संदेष्ट्याचे असेच झाले. कार्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर तो रानात झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. पुढे होरेब डोंगरावर परमेश्वराने त्याला दोन गोष्टी सांगितल्या : तू एकटा नाहीस, सात हजार जण अजून विश्वासू आहेत; आणि अलिशाला तुझ्या जागी तयार कर. आम्ही मात्र सगळा भार त्या एका बाईंवर टाकला होता. दावीद राजाच्या व्यवस्थेत मंदिराचे २८८ गायक होते. त्यांचे बारा-बारांचे २४ गट केले होते आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरत. त्यात गुरू आणि शिष्य असा भेद नव्हता.

दुसरी चूक आमच्या समजुतीत होती. सर्जनशीलता म्हणजे दर रविवारी नवे गाणे, असे आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, ५ मार्च १९६७ रोजी रोमहून पवित्र संगीताविषयी 'मुझिकाम साक्राम' ही सूचना निघाली. तिच्यात गायनाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर धर्मगुरू आणि लोक यांच्यातली उत्तरे, 'पवित्र, पवित्र, पवित्र', प्रभूची प्रार्थना. दुसरीवर दयायाचना, गौरवगीत वगैरे. प्रवेशगीत, अर्पणगीत आणि ख्रिस्तशरीर स्वीकारतानाचे गीत येते ते तिसरीवर! पहिली पायरी सोडून पुढच्या गाऊ नयेत, असेही त्यात आहे. आम्ही जिना वरून खाली चढत होतो. साधी उत्तरे लोक पुटपुटत आणि आम्ही तिसऱ्या पायरीवर घाम गाळत होतो.

मग आम्ही गाणी कमी केली. प्रतिसाद स्तोत्र गायचे असेल तर त्या दिवसाच्या स्तोत्राऐवजी त्या काळासाठी नेमलेले एखादे घेता येते. म्हणून आगमनकाळाच्या चारही रविवारी एकच स्तोत्र ठेवले. तिसऱ्या रविवारी मागच्या बाकावरच्या आजीसुद्धा न बघता गाऊ लागल्या. कडवी म्हणायला एका कॉलेजच्या मुलाला उभे केले. त्याचा सूर दोनदा घसरला. घसरू दिला. प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवावीत, असा नियमच आहे. तो पाळला, तेव्हा की-बोर्डवाल्यालाही उसंत मिळाली. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर आम्ही लगेच गाणे सुरू करत असू. तिथे शांतता ठेवली. ती शांतताही उपासनेचाच भाग आहे, हे आम्हा गाणाऱ्यांना उशिरा कळले.

सगळ्यांना हे पटले असे नाही. "गायकवृंद झोपला काय?" असे एका ज्येष्ठांनी दारातच विचारले. त्यांचा रागही खोटा नव्हता, कारण सणाला भरघोस गाणे हवेच. ते आम्ही सणासाठी राखून ठेवतो.

आता महिन्यातला एक रविवार बाई गात नाहीत. पाळी दुसऱ्याची असते. त्या कुटुंबासोबत बाकावर बसतात. पहिल्यांदा बसल्या तेव्हा सवयीने त्यांचा हात ताल धरायला वर गेला. शेजारच्या नातीने तो खाली ओढून आपल्या हातात घेतला.