दुकानाची वेबसाईट : पाटी कोणाच्या नावावर?

वेबसाईट म्हटलं की आपण लगेच एचटीएमएल उघडून बसतो. पण छोट्या व्यवसायाच्या साईटमध्ये आधी बघायची ती मालकी.

डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता, होस्टिंग म्हणजे गाळा. नेमसर्व्हर या दोघांची गाठ घालून देतो. गाळा बदलला तरी पत्ता तोच ठेवता येतो. पत्ता गेला की मात्र छापलेली कार्डं, पिशव्या, ई-मेल सगळं वाया!

माझ्या मामाच्या मसाल्याच्या दुकानाचं हेच झालं. साईट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात राहिल्या आणि एके सकाळी साईट बंद. डॉट कॉम नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, पण सोडवायचं नोंदणीदाराने. २४व्या दिवशी तो माणूस सापडला, म्हणून निभावलं.

तेव्हा क्रम असा ठेवा :

१. डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्याच ई-मेलवर घ्या. तो ई-मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तोही बंद.

२. एकदम ३-४ वर्षांचे पैसे भरा. कमाल मुदत १० वर्षे.

३. होस्टिंग साधं चालेल. एसएसएल सर्टिफिकेट 'लेट्स एन्क्रिप्ट' २०१५ पासून फुकट देतं.

४. पहिल्या पानावर पत्ता, फोन, वेळ आणि भाव. हलती चित्रं नंतर.

साईट आपण बांधायची, पण किल्ल्या मालकाच्या हातात देऊनच निघायचं.