अनुदानाचा अर्ज : वाचणाऱ्याच्या खुर्चीतून

गेल्या महिन्यात इथे पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. मूळची सांगलीची, गेली दोन वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. ब्रिटनमधल्या एका परिषदेत तिचं काम निवडलं गेलं होतं, तेही पोस्टरसाठी नव्हे तर व्याख्यानासाठी. आणि ती मला विचारत होती, की नाव मागे घेताना कारण काय द्यावं? तिच्या प्राध्यापकांच्या प्रकल्पातले प्रवासाचे पैसे संपले होते. नोंदणी, विमान, चार रात्रींचं राहणं आणि शिवाय ब्रिटनचा वेगळा व्हिसा (भारतीय पासपोर्टवर इथलं रहिवासी कार्ड तिकडे चालत नाही), हे सगळं पगारातून भागवणं शक्य नव्हतं. परिषद भरवणाऱ्या संस्थेचं प्रवास अनुदान होतं, पण त्याची शेवटची तारीख अकरा दिवसांपूर्वी उलटून गेली होती. तिला ते माहीत होतं. "मला कोण देणार, म्हणून भरलाच नाही अर्ज," ती म्हणाली.

हे वाक्य मी याआधीही बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. स्वतः म्हटलंही आहे. म्हणून हा लेख.

मी मातीतल्या जीवाणूंवर काम करतो. अनुदानांचा तज्ज्ञ वगैरे नाही. पण एका छोट्या वैज्ञानिक संस्थेच्या प्रवास अनुदान समितीवर तीन वर्षं होतो. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर जे दिसलं, ते अर्ज भरण्याच्या दिवसांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे कुठे असतात

आपल्याकडे पूर्वी पुण्यात शिकायला आलेले गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणा एका घरावर भार नाही आणि विद्यार्थ्याचा आठवडा निघतो. परिषदेच्या खर्चाचं गणित बहुतेक वेळा असंच सुटतं. पूर्ण खर्च देणारा एक दाता शोधत बसलं तर कुणीच सापडत नाही. नोंदणीचं शुल्क संयोजक माफ करू शकतात, तिकिटाचे पैसे तुमच्या विषयाची संघटना देते, राहण्याचे विद्यापीठाच्या पदवीधर शाळेकडून मिळतात, उरलेलं प्राध्यापक बघतात. यातला प्रत्येक भाग लहान असतो, त्यामुळे स्पर्धाही बेताची असते. पण चार ठिकाणी चार अर्ज करावे लागतात, आणि कोणाकडून काय मागितलं आहे हे प्रत्येकाला उघडपणे सांगावं लागतं. एकाच तिकिटाचे पैसे दोघांकडून घेणं ही फसवणूक आहे. तिकिटाचे एकाकडून आणि हॉटेलचे दुसऱ्याकडून घेतले तर समितीला उलट बरं वाटतं. मुलीने गृहपाठ केलाय, असं दिसतं.

ज्या संघटनांकडे असे पैसे असतात, त्या बहुधा आपल्या सभासदांनाच देतात, आणि कधीकधी सभासदत्व काही महिने आधीपासून असावं लागतं. विद्यार्थ्यांची वर्गणी किरकोळ असते. पीएचडीच्या पहिल्या महिन्यात ती भरून टाकावी.

परिषदेशिवाय दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस राहून एखादी पद्धत शिकायची असेल, तर त्यासाठीही पैसे असतात. जीवशास्त्रातली एंबो ही युरोपीय संस्था एक आठवडा ते तीन महिने अशा भेटींसाठी अनुदान देते. ज्या देशांच्या वर्गणीवर हा कारभार चालतो त्यांच्यात भारत 2016 पासून सहयोगी सदस्य आहे. म्हणजे तुमचा पुण्यातला मित्रही अर्ज करू शकतो, त्याला जरूर कळवा.

आता एक कडू गोष्ट. आपण परदेशात राहणारे लोक अनेकदा विषयाची अट आधी वाचतो आणि पासपोर्टची नंतर. हे उलटं करा. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधरांसाठीची प्रसिद्ध फेलोशिप 1952 पासून चालू आहे, पण ती फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याने तिच्यावर एक संध्याकाळसुद्धा घालवू नये. एनआयएचची पीएचडीसाठीची एफ-31 सुद्धा तशीच. पण त्याच एनआयएचची, पोस्टडॉकमधून स्वतंत्र प्रयोगशाळेकडे जाणाऱ्यांसाठीची के-99 घडली ती परदेशी नागरिकांनाही खुली ठेवूनच. आणि युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अटच नाही. तिथे अडवतो तो वेगळाच नियम : अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीच्या 36 महिन्यांत तुम्ही यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावे. ज्यांनी जर्मनीत पीएचडी केली आणि तिथेच थांबायचं आहे, ते इथे गाळले जातात. भारतातून थेट येणाऱ्याला मात्र हा नियम चक्क फायद्याचा ठरतो. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा गेल्या वर्षी मित्राने भरलेल्या अर्जावर विसंबू नका, त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा.

तो वाचणारा माणूस

अर्ज लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर एक कठोर विद्वान असतो. प्रत्यक्षात तिथे असतो माझ्यासारखा माणूस. रात्री मुलांना झोपवून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, तो विसावा-बाविसावा अर्ज वाचत असतो. तुमच्या विषयातला असेलच असं नाही. माझ्याकडे माशांच्या परजीवींपासून किण्वनापर्यंत सगळं यायचं. दुसऱ्या दिवशी बैठकीत या माणसाला तुमच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं असतं, आणि ज्यांनी तुमचा अर्ज जेमतेम चाळला आहे अशा बाकीच्यांना पटवायचं असतं. ती दोन मिनिटं त्याच्या तोंडी आयती घालणं, एवढंच अर्जाचं काम आहे.

मोठ्या अनुदानांतही हेच चालतं, फक्त खोली मोठी. एनआयएचमध्ये साधारण तीन परीक्षक अर्ज नीट वाचतात आणि 1 ते 9 असे गुण देतात (तिथे 1 सर्वांत चांगला, आपल्या शाळेच्या उलट). मग त्यांची चर्चा ऐकून पूर्ण समिती गुण देते. प्राथमिक गुणांत मागे पडलेल्या निम्म्याअधिक अर्जांवर बहुधा चर्चाच होत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाणथळ जमिनीतल्या मिथेनवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज समजा. (अर्ज इंग्रजीत असणार, इथे मराठीत सांगतो.) पहिला मसुदा साधारण असा असतो : "हवामानबदल ही मानवजातीपुढची गंभीर समस्या आहे. मिथेन हा महत्त्वाचा हरितगृह वायू आहे. या प्रतिष्ठित परिषदेत सहभागी झाल्याने मला जगभरातल्या शास्त्रज्ञांशी संवाद साधता येईल व माझ्या ज्ञानात मोलाची भर पडेल." यात खोटं काहीच नाही, पण हे चाळीसही अर्जदार लिहू शकतात, आणि लिहितात. माझ्या दोन मिनिटांत मी यातलं काय सांगू?

दुसरा मसुदा : "पाणी उतरल्यावर मातीतले मिथेन खाणारे जीवाणू किती दिवसांत पुन्हा कामाला लागतात हे मी मोजतो. माझ्या मोजणीत हा काळ अपेक्षेपेक्षा बराच कमी येतो, आणि तो मातीचा गुण आहे की माझ्या पद्धतीचा दोष, हे मला ठरवता आलेलं नाही. परिषदेच्या तिसऱ्या दिवशी वेगळ्या पद्धतीने हेच मोजणारे दोन गट बोलणार आहेत. त्यांच्यापुढे माझे आकडे ठेवायचे आहेत. उरलेल्या दीड वर्षात कोणता प्रयोग करायचा, हे त्यावर ठरेल." हा मुलगा आपली शंका लपवत नाही. त्याला का जायचंय, तिथेच का, आणि याच वर्षी का, ते मला कळलं. मी याच्यासाठी भांडू शकतो.

अडचण बहुतेकदा भाषेची नसते, संकोचाची असते. आपल्या घरांत "मी, मी" करणं असभ्य मानतात, आणि मागणं त्याहून वाईट. त्यामुळे सगळं काम स्वतः केलेला विद्यार्थी लिहितो, "आमच्या गटाने असं आढळवलं." परीक्षकाला प्रश्न पडतो, मग याने काय केलं? जे तुम्ही केलं तिथे "मी" लिहा, जे गटाने केलं तिथे "आम्ही". ही बढाई नव्हे, हिशेब आहे. या बाबतीत मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 मध्ये अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो आहोत, हा निर्धारच आपल्या कामी यावा, असं त्या सरळ सांगतात. आणि गरज काय, तर आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. अठरा वर्षांची मुलगी, परकी भाषा, पण मुद्दा सोडून एक शब्द नाही.

अंदाजपत्रकाबद्दल थोडक्यात. आकडे गोल करू नका, तिकिटाचा खरा भाव त्या दिवशीचा बघून लिहा. व्हिसाचं शुल्क धरायला चालतं का ते विचारा, आपल्यासारख्यांना तो मोठा खर्च असतो आणि फॉर्म बनवणाऱ्यांच्या तो लक्षातही येत नाही. लहान मूल असेल तर सांभाळण्याच्या खर्चासाठी काही संघटना वेगळी मदत देतात. आणि पैसे आधी मिळणार की बिलं दिल्यावर, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. माझं पहिलं अनुदान मंजूर झालं तेव्हा मी पेढे वाटले. पैसे हाती आले परतल्यावर चार महिन्यांनी, तोवर क्रेडिट कार्डाचं व्याज मीच भरलं. बोर्डिंग पासही जपून ठेवा, मागतात.

नशिबाचा वाटा

इतकं करूनही नकार येतो, आणि मोठ्या अनुदानांत बहुतेकांना येतो. मारी क्युरी फेलोशिपच्या 2024 च्या फेरीत 10,360 अर्ज आले, निवडले गेले 1,696, म्हणजे सहातला एक. 2025 मध्ये अर्जच 17,058 झाले. तिथे गुणांची विभागणी आधीच जाहीर असते : विज्ञानाच्या दर्जाला 50 टक्के, परिणामाला 30, अंमलबजावणीला 20. आपले बरेच लोक पहिल्या भागावर महिनाभर घासतात आणि शेवटचा भाग आदल्या रात्री उरकतात. वीस टक्के असे वाऱ्यावर सोडायचे नसतात. शिवाय ठरावीक गुणांच्या खाली आलात, तर पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेबरोबर अर्ज करता येत नाही. म्हणून अर्धाकच्चा अर्ज "बघू तर" म्हणून टाकणं इथे महागात पडतं.

पण 90 गुणांचा आणि 93 गुणांचा अर्ज यांत खरंच फरक असतो का? 1981 मध्ये सायन्स नियतकालिकात कोल बंधू आणि सायमन यांचा अभ्यास आला. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले 150 प्रस्ताव त्यांनी वेगळ्या परीक्षकांना दिले, तर बऱ्याच प्रस्तावांचं नशीब फिरलं. निष्कर्ष असा, की मंजुरीचा साधारण अर्धा भाग अर्ज कुणाच्या हाती पडतो यावर ठरतो. 2018 मध्ये एनआयएचच्या 25 अर्जांवर 43 परीक्षक बसवून असाच प्रयोग झाला. एकाच अर्जाबद्दल त्यांचं एकमत जवळपास नव्हतंच.

त्याच वर्षीचा एक डच अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे पीएचडी नुकतीच झालेल्यांसाठी वेनी नावाचं अनुदान आहे. पुढचे टप्पे विदी आणि विची, सीझरच्या त्या तीन शब्दांवरून. (मी वेनीला अर्ज केलाय म्हटल्यावर आई फोनवर म्हणाली, "गजऱ्याची का?") बोल, दि फान आणि फान दे रायट या तिघांनी कटऑफच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्यांची तुलना केली. गुण जवळपास सारखेच. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांना खालच्यांपेक्षा दुपटीहून जास्त संशोधननिधी मिळाला, फरक सुमारे 1,80,000 युरोंचा. कारण काय? एक तर आधीचं अनुदान पुढच्या अर्जात शोभून दिसतं. पण दुसरं कारण असं, की थोडक्यात हुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढे अर्ज करणंच सोडलं.

मी वेनी हुकलेल्यांपैकी आहे. किती गुणांनी, ते आता सांगण्यात अर्थ नाही. पण नकाराचं पत्र मी तीन महिने उघडलंसुद्धा नव्हतं, आणि त्यात परीक्षकांनी लिहिलेल्या दोन सूचना तशाच पडून होत्या. शेवटी त्याच दोन सूचनांवर मी पुढचा अर्ज बांधला. आता मी एक फाइल ठेवतो : प्रत्येक अर्जाचा मजकूर, परीक्षकांचे शेरे, पुढची तारीख. नवा अर्ज कोऱ्या पानावरून सुरू होत नाही, आणि नकार आला की त्याच आठवड्यात पुढची तारीख लिहून टाकतो. मनाची समजूत नंतर घालता येते.

त्या सांगलीच्या मुलीने नाव मागे घेतलं नाही. संयोजकांना तिने चार ओळींचं पत्र लिहिलं : अनुदानाची तारीख चुकली हे खरं आहे, नोंदणी शुल्क माफ होईल का? झालं. पदवीधर शाळेच्या एका छोट्या निधीतून, जो तिच्या विभागात कुणाला ठाऊकच नव्हता, तिकिटाचे पैसे मिळाले. राहायला तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंकडे सोय होते आहे. व्हिसाची अपॉइंटमेंट येत्या मंगळवारी आहे, आणि पासपोर्ट वेळेत परत येतो की नाही, ते अजून कळायचं आहे.