बाळाचं तोंड कसं तयार होतं? ग्रहणाचा दोष नाही, आईचाही नाही

ओठ दुभंगलेलं बाळ जन्मलं की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" वॉर्डात काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला. ओली बाळंतीण खाली मान घालून रडते आणि बाळाच्या उपचाराचं राहून जातं. म्हणून पोटात तोंड कसं घडतं ते समजून घेऊ.

गर्भ चार आठवड्यांचा असताना चेहऱ्याच्या जागी फक्त एक खळगा असतो. त्याच्या तळाशी पातळ पडदा असतो. तो फाटतो आणि तोंडापासून अन्ननलिकेकडे वाट मोकळी होते. खळग्याभोवती पाच उंचवटे असतात : वर कपाळाकडचा एक, दोन्ही गालांकडचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. खालचे दोन आधी जुळतात. त्यांतून हनुवटी आणि खालचा ओठ बनतो. मग गालांकडचे उंचवटे मध्ये सरकतात, नाकाखालच्या भागाला चिकटतात आणि वरचा ओठ तयार होतो. आरशात पाहा, नाकाखाली दोन उभ्या कडा दिसतील. साधारण तिथेच हा जोड असतो. तो नीट जुळला नाही, तर ओठ दुभंगतो.

हे काम पाळी चुकल्यावर महिना-सव्वा महिन्यातच पुरं होतं. टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छत, त्यानंतर बनते. जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले दोन पडदे आडवे होतात आणि मधोमध जुळतात. तेही पाळी चुकल्यापासून अडीच महिन्यांच्या आसपास संपतं. म्हणजे सातव्या महिन्यातल्या ग्रहणात भाजी चिरली तरी ओठ फाटणार कसा? तो तर केव्हाच जुळलेला असतो. आणि ग्रहण कोणत्याही महिन्यात आलं तरी ती सावली आहे. विळीचं पातं गर्भापर्यंत पोचत नाही. उलट गरोदर बाईला उपाशी, तहानलेली ठेवणं हेच घातक.

मग कारण काय? काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी परिस्थिती. बरेचदा एकच कारण सापडत नाही. विडी-सिगारेटच्या धुराने, दारूने आणि फिट्सच्या काही औषधांनी धोका वाढतो. फिट्सची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मशेरीही सोडा. पाळी चुकताच नाव नोंदवा आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी घ्या.

बाळ जन्मलं की टाळू तपासायला सांगा. नुसती टाळू दुभंगलेली असेल तर बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला दूध ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. आईचंच दूध पिळून, बाळाला उभट धरून, वाटी-चमच्याने हळूहळू पाजा. मध्ये मध्ये ढेकर काढा.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत होते. टाळूला उशीर झाला तर बोलणं अस्पष्ट राहू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

शेजारी असं बाळ जन्मलं तर ग्रहणाचं विचारू नका. "दवाखान्यात दाखवलंस का? चल, मी येते," असं म्हणा.